तांब्याभर पाण्याचा धडा

वाचन : अनुवाद ६:४-९, २ तीमथ्य १:५



या तिमाहीचा अभ्यासपाठ आपल्या बालवाडीतील मुलांविषयी आहे. आपण पाठवलेल्या देणगीतून ती मुले वर्गात काय शिकतात, हे दर अंकात थोडेफार छापून येते. पण वर्ग सकाळी तीनच तास भरतो. उरलेले एकवीस तास मूल घरी असते. तेथे त्या शिक्षणाचे काय होते? हा प्रश्न मी स्वतःला बरीच वर्षे विचारला नव्हता. तो मला एका चार वर्षांच्या मुलीने आणि तिच्या आईने विचारायला लावला. त्यात माझी चूक होती, ती आधी सांगते.

एक रिकामी झालेली कळशी

आपली ही बालवाडी पालघर जिल्ह्यात, मोखाड्याच्या डोंगराळ भागातील एका पाड्यावर आहे. बहुतेक घरे वारली समाजाची, काही कातकरी. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो, पण काळ्या खडकाच्या उतारावरून तो वाहून जातो. एप्रिल उजाडला की विहिरी तळाला जातात आणि बाया हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर रांगा लावतात. बालवाडीजवळ मात्र आपण टाकी बसवली आहे आणि उन्हाळ्यात ती टँकरने भरून घेतो.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही मुलांना हात धुण्याचा धडा शिकवत होतो. साबण लावायचा, तळहात, बोटांच्या बेचक्या, नखे चोळायची आणि वाहत्या पाण्याखाली हात धरायचे. त्यावर बालवाडीताईंनी छान गाणेही रचले होते. मी पुढे जाऊन एक तक्ता भिंतीवर लावला. घरी जेवणाआधी जो हात धुवेल त्याच्या नावापुढे दुसऱ्या दिवशी लाल टिकली लावायची. मुलांना टिकल्यांचे भारी वेड लागले.

आठ दिवसांनी एक मुलगी यायची थांबली. हुशार, बडबडी मुलगी. तिचे नाव येथे देत नाही. बालवाडीताई म्हणाल्या, "तिच्या आईने तिला मारले आणि शाळेत जायचे नाही म्हणून सांगितले."

मी रागातच तिच्या घरी गेले. आईला स्वच्छतेचे महत्त्व पटवून द्यायचे, असे मनात ठरवले होते. कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले ते घर. ती माऊली नुकतीच झऱ्यावरून आली होती, डोक्यावरची चुंबळ अजून तिच्या हातातच होती. मी बसल्याबरोबर तिने काय केले असेल? घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी द्यायचे, म्हणून तांब्या भरून माझ्यापुढे ठेवला.

मग ती आपल्या बोलीत हळूहळू बोलू लागली. लेकीने टिकलीसाठी पाण्याची अख्खी कळशी हातांवर ओतली होती. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्यांदा मात्र तिचा हात उठला. "बाई," ती म्हणाली, "तुमच्याकडे पाणी टाकीतून येते. आमच्याकडे ते डोक्यावरून येते."

माझ्यापुढे तो तांब्या तसाच होता. स्वच्छतेवर बोलायला म्हणून मी आले होते, पण माझ्याच्याने एक शब्द निघेना. मी त्या बाईची माफी मागितली. मुलीलाही जवळ घेऊन सांगितले की, चूक तुझी नव्हती, तुला सांगणाऱ्या बाईंची होती.

शास्त्र कोणाला सांगते?

त्या रात्री मी अनुवादाचा सहावा अध्याय उघडला. धर्मशास्त्राच्या पदविकेसाठी या भागावर मी पानेच्या पाने लिहिली होती, परीक्षेत गुणही चांगले पडले होते. पण एक साधी गोष्ट नजरेतून सुटली होती. येथे मोशे शिकवण्याची आज्ञा याजकांना देत नाही, सगळ्या लोकांना देतो, म्हणजे आईबापांना. आणि शिकवण्याच्या जागा कोणत्या? घरात बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. त्यात फळा नाही, तक्ता नाही. रोजचे जगणे हाच वर्ग आहे.

तीमथ्याला लिहिताना पौलही त्याच्या विश्वासाचा माग काढत त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापर्यंत जातो. तीमथ्याच्या मोठ्या गुरूंची यादी तो देत नाही.

मी मात्र असे धरून चालले होते की शिकवणारी मी, शिकणारे मूल आणि घर म्हणजे फक्त गृहपाठ तपासण्याची जागा. त्या घरात पाणी किती आहे, ते कोण आणते, हे मी कधी विचारलेच नव्हते.

वर्गात मुले खरोखर काय शिकतात

अनेक शुभचिंतक भेटीला येतात तेव्हा विचारतात, "मुलांना एबीसीडी येते का? शंभरपर्यंत अंक येतात का?" त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट करते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचे खरे काम अक्षरे गिरवण्याआधीचे असते.

पहिले, हाताचे काम. मणी ओवणे, चिखलाचे गोळे करणे, कागद फाडणे, चिमटीने बिया उचलणे. यातून बोटांत बळ येते आणि पुढे पेन्सिल धरता येते.

दुसरे, भाषा. गोष्ट ऐकणे, चित्र पाहून बोलणे, बडबडगीते म्हणणे. जे मूल पुष्कळ बोलते ते पुढे वाचायला लवकर शिकते. म्हणून आपल्या वर्गात मूल आपल्या बोलीत बोलले तर त्याला कोणी अडवत नाही. आधी घरचा शब्द, मग त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द.

तिसरे, अंकांच्या आधीचे गणित. लहान-मोठे, कमी-जास्त, सारखे-वेगळे. पाच मुलांना पाच द्रोण वाटले की एकही उरला नाही, हे कळणे म्हणजे गणित. नुसती शंभरपर्यंतची घोकंपट्टी म्हणजे गणित नव्हे.

चौथे, माणसांत राहणे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, खाऊ वाटून खाणे, पडलेल्याला हात देणे, चुकले तर सांगणे.

आता ही यादी पुन्हा वाचा आणि पाड्यावरचे घर डोळ्यांपुढे आणा. यातले काय तेथे नाही? नागलीचे पीठ मळताना हाताचे काम आहे. उडीद पाखडून खडे वेचण्यात सारखे-वेगळे आहे. किती माणसे जेवणार आणि किती भाकरी भाजायच्या, यात हिशेब आहे. मोहाची फुले वेचायला पहाटे आजीबरोबर गेलेले मूल वाटेत किती झाडांची नावे शिकते! लग्नात तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक रेखणाऱ्या बायांजवळ बसलेले मूल रेघ, त्रिकोण आणि गोल पाहतच मोठे होते. घर रिकामे नव्हते. आम्ही ते पाहिले नव्हते.

हे आपल्या आधीच्यांना ठाऊक होते

ही काही नवी गोष्ट नाही. बालवाडीची कल्पना रुजवणारा फ्रेडरिक फ्रोबेल हा एका जर्मन पाळकाचा मुलगा. तान्हा असतानाच त्याची आई वारली. १८३७ मध्ये त्याने लहान मुलांची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'मुलांची बाग' या अर्थाचे किंडरगार्टन हे नाव दिले. पुढे १८४४ मध्ये त्याने आयांसाठी खेळगीतांचे पुस्तक प्रसिद्ध केले. आईने बाळाला मांडीवर घेऊन बोटांचे खेळ खेळावेत, गाणी म्हणावीत, हा त्याचा हेतू. म्हणजे बालवाडीच्या जन्मदात्यानेही घराकडे पाठ फिरवली नव्हती.

आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना फ्रोबेलची ही पद्धत शिकल्या आणि परत येऊन १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात तर याचा मोठा प्रयोग झाला. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कामाला लागल्या, आणि १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवरून चालले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागडी खेळणी बाजूला ठेवून बिया, शंखशिंपले, खडे आणि पाने हे साहित्य केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज ते नाव देशभर झाले आहे, पण त्याचा अर्थ आपण विसरतो. अंगण मुलाच्या घराचे असते. शिक्षकाने तेथे पाहुणा म्हणून जायचे असते.

मग आम्ही काय बदलले

भिंतीवरचा तक्ता त्याच आठवड्यात काढला. मग पाड्यावरच्या आयांना आणि आज्यांना बालवाडीत बोलावले आणि त्यांनाच विचारले, "एवढ्याशा पाण्यात हात कसे धुवावेत?"

उत्तर त्यांच्याकडून आले. पाणी फक्त दोनदा लागते, हात ओले करताना आणि शेवटी साबण काढताना. मधला सगळा वेळ चोळण्याचा, त्याला पाणी लागतच नाही. एका तरुण आईने रिकाम्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडले आणि ती कुडाला उलटी टांगली. बारीक धार पडते, अर्ध्या तांब्यात घरातल्या दोन मुलांचे हात धुऊन होतात. एक आजी म्हणाली, "खाली मिरचीचे रोप लावा, म्हणजे पाणी वाया जाणार नाही." आज पाड्यावर अनेक घरांत अशी बाटली टांगलेली दिसते. गाणेही बदलले. आता त्यात वाहते पाणी नाही, अर्धा तांब्या आहे.

त्या दिवसापासून एक नियम केला. कोणताही धडा घरी पाठवण्याआधी तो आयांसमोर मांडायचा आणि विचारायचे, "हे तुमच्या घरी जमेल का? याला काय लागेल?" जे जमणार नाही ते पाठवायचे नाही.

ती मुलगी परत आली. पहिले दोन दिवस ती टाकीच्या नळाला हातच लावेना, बाजूला उभी राहून दुसऱ्यांकडे पाहत राहायची. ते मला फार लागले. तिसऱ्या दिवशी तिची आई स्वतः आली, तिने बाटलीखाली लेकीचे हात धरले आणि धुतले.

घर म्हणजे वीटभट्टीसुद्धा

भात आणि नागली कापून झाली, दिवाळी सरली की पाड्यावरची निम्मी घरे बंद होतात. माणसे भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. पावसाळ्याआधी घेतलेली उचल फेडायची असते. मुलेही बरोबर जातात. पुढचे सहा महिने झोपडी हेच घर. दरवर्षी मुले परत येतात तेव्हा शिकवलेले बरेच पुसले गेलेले असते. काही मुले परत येतच नाहीत.

अनुवादातला तो भाग मला येथे पुन्हा आठवला. मोशे बोलत होता ते लोक तेव्हा स्वतःच्या घरात राहत नव्हते. चाळीस वर्षे तंबू उचलून चाललेले लोक होते ते. तरीही वाटेने चालताना शिकवा, असे त्यांना सांगितले गेले. वाट हीसुद्धा शिकण्याची जागा आहे.

म्हणून मागच्या दिवाळीनंतर प्रत्येक मुलाबरोबर जुन्या लुगड्याची शिवलेली एक पिशवी दिली. तिच्यात दहा गुळगुळीत खडे, ओवायला मणी आणि दोरा, खडू, पाटीचा तुकडा आणि साबणाची वडी. त्याबरोबर आयांना तीनच गोष्टी सांगितल्या. रोज मुलाला एखादी वस्तू मोजायला सांगा, रात्री एक गोष्ट सांगा, जेवणाआधी हात धुवा.

मे महिन्याच्या अखेरीस माणसे परतली. खरे तेच लिहिते. बहुतेक पिशव्या हरवल्या होत्या. साबण तर पहिल्याच महिन्यात संपला होता. दोन मुले अजून आलेली नाहीत, त्यांचे आईबाप दुसरीकडे कामाला गेले असे कळते. पण त्या मुलीची पिशवी परत आली, आणि तिच्या आईने तिची हकिकत सांगितली.

भट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते. दर आठवड्याला खर्ची देताना मुकादम आकडा सांगायचा आणि तो मान्य करावा लागायचा. आईला लिहिता येत नाही. लेक दिवसभर तिच्याजवळ खडे मांडून बसायची. एके दिवशी आईच्या डोक्यात आले आणि तिने लेकीला सांगितले, "शंभर विटा थापून झाल्या की मी हाक मारीन, तू एक खडा बाजूला ठेव." दहा खडे झाले की हजार. मग पाटीवर एक रेघ आणि खडे पुन्हा पहिल्यापासून. आठवड्याला रेघा मोजायच्या.

मी विचारले, "हिशेब जुळला का?"

ती म्हणाली, "पहिल्या आठवड्याला जुळला नाही. मी रेघा दाखवल्या. मुकादम कुरकुरला. पुढच्या आठवड्यापासून तो आमच्या पाटीकडे बघून लिहायला लागला."

बंधुभगिनींनो, आम्ही त्या मुलीला दहापर्यंत मोजायला शिकवले होते, एवढेच. त्या दहा खड्यांचे हजार त्या माऊलीने केले. यंदा ती आपली पाटी घेऊन बालवाडीत आली आणि इतर आयांना ही पद्धत तिने स्वतः समजावून सांगितली. मी मागे, मुलांच्या रांगेत बसून ऐकले.

आपल्यासाठी काय?

आपण शहरात राहतो, आपल्याकडे नळाला पाणी येते. आपली मुले शिशुवर्गात आणि संडे स्कूलला जातात. तरी प्रश्न तोच आहे. रविवारी मूल 'वाटून खावे' हे गाणे म्हणते आणि घरी त्याला आपण सांगतो, "तुझा डबा कोणाला देऊ नकोस." वर्गात ते 'क्षमा करा' शिकते आणि घरी आपण भावकीशी वर्षानुवर्षे बोलत नाही. मूल कोणता धडा खरा मानेल? जो रोज दिसतो तो.

आपल्या घरी करण्याजोग्या काही गोष्टी सुचवते :

१. मूल वर्गातून आले की "आज काय शिकवले?" एवढ्यावर थांबू नका. "मला करून दाखव," असे म्हणा.

२. स्वयंपाकघरात त्याला खरे काम द्या. वाटाणे सोलणे, ताटे मांडणे, चपात्या मोजणे. वेळ लागेल, थोडे सांडेल, ते चालू द्या.

३. आजी-आजोबांना रात्रीची गोष्ट त्यांच्या बोलीत सांगू द्या. मोबाईल तेवढा वेळ दूर ठेवा.

४. आपण शिक्षक असाल तर घरी काही करायला सांगण्याआधी त्या घराला ते किती जड जाईल, याचा विचार करा.

५. बालवाडीला भेट देणार असाल तर रंगीत तक्ते आणू नका. साबण, ओवायचे मोठे मणी, जुनी सुती लुगडी आणा. आणि एखाद्या घरी बसून त्यांच्याकडचे पाणी प्या, पण ते कोठून आले हे विचारून प्या.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. अनुवाद ६:७ मध्ये शिकवण्याच्या किती वेळा आणि जागा सांगितल्या आहेत? त्यांतल्या कोणत्या आपल्या घरात राहून जातात?

२. लोईस आणि युनीके यांच्यासारखे कोणी आपल्या लहानपणी होते का? त्यांच्याकडून आपण न शिकवता काय शिकलो?

३. मदत करताना आपण कधी कोणावर ओझे टाकले आहे का? ते आपल्याला कसे कळले?

४. काम करताना खडे मांडून हिशेब ठेवणाऱ्या त्या आईकडून आपल्या मंडळीने काय शिकावे?

प्रार्थनेसाठी

अजून न परतलेल्या दोन मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी प्रार्थना करा. रोज चालत येणाऱ्या आमच्या बालवाडीताईंच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करा. पाड्याजवळ पाणी अडवून बारमाही विहीर व्हावी यासाठी ग्रामपंचायतीकडे गावकऱ्यांनीच अर्ज केला आहे, त्याला यश यावे. आणि माझ्यासाठीही प्रार्थना करा, की कोणाच्या घरी शिकवायला जाताना पुढे ठेवलेला तांब्या मला आधी दिसावा.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण